बाळ निजलं ती दुपार

१

शेजारच्या खोलीतून चिमणीची किंकाळी आली, तेव्हा बाळ आणि बाळाची आई दोघंही गाढ झोपेत होती. आधी बाळ दचकून रडायला लागलं आणि त्याच्या रडण्याने आईला जाग आली. त्याला खांद्यावर टाकून, केस तसेच विस्कटलेले, एका पायात चप्पल आणि दुसरा पाय अनवाणी, अशी ती बाहेर धावली.

चिमणी आपल्या खोलीच्या दारात उभी होती. अंगात हॉटेलचा जाडजूड पांढरा झगा आणि डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. चेहरा टॉवेलपेक्षाही पांढरा.

"माळ," ती म्हणाली. "मोत्यांची माळ गेली माझी."

खालच्या बागेत चहाला बसलेली मंडळी जिना चढून वर आली. चिमणीने सगळ्यांना तेच सांगितलं. अंघोळीला जाताना माळ काढून आरशापुढे ठेवली होती. गरम पाण्याने टब भरून ती डोळे मिटून पडली होती. बाहेर येऊन बघते तर आरशापुढची जागा रिकामी. खिडकी सताड उघडी, पडदा वाऱ्यावर उडत होता.

हॉटेलच्या मॅनेजरने पडद्याकडे पाहिलं, खिडकीबाहेरच्या गुळगुळीत उंच भिंतीकडे पाहिलं आणि मान हलवली. इथून मांजरसुद्धा चढणार नाही, म्हणाला. मग त्याने विचारलं, मधल्या वेळात या खोलीत कोण आलं होतं?

"मी आले होते," मागून आवाज आला. खोल्या आवरणाऱ्या काकू तिथेच उभ्या होत्या. "टॉवेल ठेवायला. दार वाजवलं, कुणी ओ दिली नाही, म्हणून आत गेले. पण साहेब, आत कुणी नव्हतंच. न्हाणीघराचं दारही उघडं होतं."

सगळ्यांनी चिमणीकडे पाहिलं. चिमणीने खाली पाहिलं.

"मी आतच होते," ती म्हणाली.

झालं. मॅनेजरच्या मनात जे ठरायचं होतं ते ठरून गेलं. पाहुणी खोटं बोलेल की टॉवेल ठेवणारी? त्याने सगळ्यांसमोर काकूंच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा मागून घेतला. उद्या दुपारच्या जेवणापर्यंत माळ मिळाली नाही तर हॉटेलच्या मागची खोलीही रिकामी करायची, असं सांगून टाकलं. त्या खोलीत काकूंचा अख्खा संसार होता.

 काकूंनी जाता जाता बाळाच्या पायातून निसटत चाललेला मोजा नीट वर ओढला आणि त्या जिना उतरून गेल्या.

बाळाच्या आईने तेवढंच पाहिलं. चोरी करून आलेल्या बाईचे हात असे असतात होय?

२

चिमणी, बाळाची आई आणि इथे आलेली आणखी एकजण, या तिघी एकाच वसतिगृहात, एकाच खोलीत राहिलेल्या मैत्रिणी. पुढे संसार वेगळे झाले, गावं बदलली, पण सणाच्या सुट्टीतले हे दिवस एकत्र काढायचे हे ठरलेलं. यंदाचं हॉटेल चिमणीने निवडलं होतं. शंभरी ओलांडलेली इमारत, छत इतकं उंच की हाक मारली तर परत ऐकू यावी. रुंद लाकडी जिन्याच्या कठड्याला सुट्टीनिमित्त पानांचे हार, रुपेरी कागद आणि पांढऱ्या मण्यांच्या माळा गुंडाळलेल्या. चिमणीच्या सासूबाईंचं लग्न इथल्याच दिवाणखान्यात लागलं होतं, आणि उद्याच्या जेवणाला त्या स्वतः येणार होत्या.

चिमणी अंगाने एवढीशी, मनात काही न ठेवणारी म्हणून प्रसिद्ध. दुसरी वकीलबाई. तिच्याशी वाद घालायचा तर पोटभर जेवून बसावं लागे. आणि तिसरी, म्हणजे बाळाची आई, हिला मैत्रिणी 'खोदकाम' म्हणत. ती विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करायची. आग लागली की लावली, गाडी चोरीला गेली की काकाच्या गॅरेजमध्ये उभी आहे, हे शोधणं तिचं काम. सध्या ती बाळंतपणाच्या रजेवर होती. गेले कित्येक महिने तिच्याकडे तपासाला दोनच प्रकरणं होती. बाळाने दूध का ओकलं, आणि दुसरा मोजा कुठे गेला.

"तू यात पडू नकोस," बाळाच्या बाबांनी तिला समजावलं. "आपण सुट्टीला आलोय. रात्रभर तो झोपत नाही, त्यामुळे तूही नाही. आज कधी नव्हे ते दुपारी डोळा लागला तुझा."

ते खरंच होतं. या हॉटेलात येऊन बाळाची झोप पार उडाली होती. दोष त्याचा नव्हता, भिंतीचा होता. त्यांची आणि चिमणीची खोली यांच्यामधल्या भिंतीत गरम पाण्याची जुनी नळी होती. दोन्हीकडे कुणीही गरम पाण्याचा नळ सोडला की ती नळी आतून धाड् धाड् वाजे, जणू भिंतीत कुणी अडकलंय आणि बाहेर पडायला बघतंय. पाळणा नेमका तिथेच. दुसरीकडे हलवायला जागा नाही. पहिल्याच दिवशी काकूंच्या ते लक्षात आलं होतं. "नळ सोडू नका हो, लेकरू उठतंय," म्हणून बाळाच्या अंघोळीचं पाणी त्या खालून स्वतः बादलीने आणून देत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

"मी पडणार," ती नवऱ्याला म्हणाली. "तू याला धर. याला ढेकर काढून दे. आणि मला तासभर दे."

३

तिची चौकशीची एक पद्धत होती. 'तेव्हा तुम्ही कुठे होता' हे ती कधीच विचारत नसे. खोटं बोलणारा माणूस त्या प्रश्नाचं उत्तर आधीच तयार ठेवतो. ती विचारी, 'तेव्हा तुमच्या हातात काय होतं?' हाताचा विचार करून कुणी येत नाही.

वकीलबाई मध्येच चहा सोडून उठली होती, हे तिला कळलं होतं. शिवाय आदल्या दिवशी तिने माळ स्वतःच्या गळ्याला लावून आरशात पाहिली होती आणि म्हणाली होती, मला कुणी असं काही देत का नाही. खोदकामने तिला बागेतच गाठलं.

"माझ्यावर संशय?" वकीलबाई हसली. "विचार, विचार. फी नाही घेणार."

हातात काय होतं म्हटल्यावर ती जराशी ओशाळली. हातात केकचा तुकडा होता. सगळ्यांसमोर तिसऱ्यांदा घ्यायची लाज वाटली म्हणून ती दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभी राहून खात होती. तिथल्या खुर्चीखाली चुरा अजून पडलेला होता. आणि जाता जाता तिने एक गोष्ट सांगितली. वकील म्हणून तिने लगेच पोलिसांना बोलावू या म्हटलं होतं, पण चिमणीने तिचा हातच धरला. पोलीस नकोत, सुट्टी खराब होईल, म्हणाली.

चिमणीच्या नवऱ्याच्या हातात चष्म्याचं घर होतं. तो चष्मा आणायला खोलीकडे निघाला होता, पण चष्मा डोळ्यांवरच असल्याचं त्याला अर्ध्या जिन्यात कळलं आणि तो परत फिरला. या माणसाने चोरी केली असती तर माळ घालूनच खाली आला असता, असं खोदकामला वाटलं. तो बिचारा खचला होता. माळ त्याच्या आईची. तिला दोन पदर होते. धाकट्या भावाचं लग्न ठरलंय, तेव्हा उद्या माळ घेऊन जायची, मोती ओवणाऱ्याकडून पदर सोडवून दोन माळा करायच्या आणि दोन्ही सुनांना एकेक द्यायची, असं आईने ठरवलं होतं. आता आईला काय तोंड दाखवू, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

काकू मागच्या खोलीत भांडी एका कापडात बांधत होत्या. त्यांनी प्रश्न ऐकला आणि हातातलं पातेलं खाली ठेवून नीट आठवलं.

"जाताना दोन मोठे टॉवेल आणि एक छोटा. येताना काही नाही."

"काहीच नाही?"

"न्हाणीघरातलं पायपुसणं ओलं असलं की मी बदलायला घेऊन येते. पण ते कोरडं होतं. म्हणून रिकाम्या हाताने आले." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "तुम्ही विचारलंत तरी. बाकी कुणी विचारलंसुद्धा नाही, बाई."

सगळ्यात शेवटी चिमणी. ती पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसली होती.

"हातात?" चिमणी म्हणाली. "हातात काय असणार? अंघोळ करत होते मी."

पण उत्तराआधी ती थांबली होती. आणि थांबताना तिने आपल्या तळहाताकडे पाहिलं होतं.

४

सकाळी भिंत वाजली. धाड्, धाड्, धाड्. चिमणीचा नवरा अंघोळीला गेला असणार. पाळण्यात बाळ दचकलं, हात वर फेकले आणि भोकाड पसरलं.

त्याला उचलून घेता घेता ती एकदम थबकली. बाळ कानाशी रडत होतं आणि ती भिंतीकडे बघत उभी होती.

"काय झालं?" बाबांनी पांघरुणातून विचारलं.

"काल दुपारी हा का उठला नाही?"

"आभार मान की."

"काल कितीदा मानलेत. आता विचारतेय, का?"

तिने मनातल्या मनात दुपार पुन्हा मांडली. जेवून सगळे वर आले. बाळ किरकिरत होतं, तेव्हा चिमणी या खोलीत आली. "दे इकडे, तू पड," म्हणाली आणि खांद्यावर घेऊन कितीतरी वेळ गुणगुणत फिरली. तिनेच त्याला पाळण्यात ठेवलं, पांघरूण नीट केलं. मग दारातून हलकेच म्हणाली, "झोपला गं. आता मी अंघोळीला जाते." म्हणजे अंघोळ बाळ निजल्यानंतरची. आधी टब भरून ठेवला म्हणावं, तर तेही शक्य नव्हतं, जेवून वर आल्याबरोबर चिमणी इथे आली होती. टब भरायला वेळ लागतो, आणि तितका वेळ भिंत वाजते. आईला कदाचित ऐकू आलं नसतं, इतकी ती थकली होती. बाळाला आलं असतंच. पण बाळाला जाग आली ती किंकाळीने.

तिने बाबांना पलंगावरून उठवलं आणि बाळ पुन्हा पेंगल्यावर न्हाणीघरातला गरम नळ सोडायला सांगितला. ते कुरकुरत गेले. धाड्. बाळाने डोळे उघडले. थोड्या वेळाने आणखी एकदा तसंच झालं. तिसऱ्या वेळी बाबा म्हणाले की हा छळ आहे, बाळाचाही आणि माझाही, आणि तिचंही समाधान झालं.

पण चिमणी? चिमणीने स्वतःचीच माळ का चोरावी?

बाळाचे कपडे धुवायला काढताना तिच्या हाती पहिल्या दिवशीचं लाळेरं आलं. त्याच्यावर रुपेरी, मोतिया चकाकीचा एक डाग होता. दोनदा साबण लावूनही गेला नव्हता. जिन्यावरच्या कागदाचा असेल म्हणून तिने सोडून दिलं होतं. आता तिने ते खिडकीशी धरलं. पण जिना चढताना तेव्हा बाळ बाबांच्या खांद्यावर गाढ झोपलेलं होतं. त्या दिवशी बाळाच्या तोंडात एकच चमकणारी गोष्ट गेली होती. चिमणीने कडेवर घेतल्याबरोबर त्याने तिची माळ ओढून आपल्या दोन नव्या दातांखाली धरली होती, आणि चिमणीने ती अशी हिसकावली होती की बाळ घाबरून रडलं. तुटेल म्हणून, सगळ्यांना वाटलं.

खऱ्या मोत्याचा रंग लाळेने सुटत नाही. इतके दागिन्यांचे दावे तपासून तिला एवढं कळत होतं.

ती बाळाला घेऊन जिन्यावर आली. हॉटेलच्या त्या झग्याला खिसा नव्हता. अनवाणी, झग्यात, बागेतल्यांच्या नजरेस न पडता चिमणी लांब जाऊच शकत नव्हती, आणि खोली तर मॅनेजरने उलटीपालटी करून पाहिली होती. कठड्यावरच्या माळांवरून तिने हळूहळू बोटं फिरवली. सगळे मणी एकमेकांना खेटून, सळसळ सरकणारे. आणि मग वरच्या वळणावर, पानांच्या खाली, एक माळ अशी लागली की तिच्या दर मण्यानंतर दोऱ्याची बारीक गाठ होती, गळ्यातल्या मोत्यांच्या माळेला असते तशी.

तिने ती तशीच राहू दिली. फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला होता. चिमणीच्या सासूबाई जेवणाच्या वेळेच्या आधीच आल्या होत्या.

५

"तेव्हा तुझ्या हातात काय होतं?" तिने चिमणीच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं आणि पुन्हा विचारलं. बाळ तिच्या कडेवर होतं. दुसऱ्या हातात लाळेरं.

"सांगितलं ना."

"तू पाणी सोडलंच नाहीस. सोडलं असतंस तर हा उठला असता. भिंत वाजली की हा उठतो. काल नाही उठला."

चिमणीने बाळाकडे पाहिलं. तिच्या ओठांचा एक कोपरा हलला.

"म्हणजे यानेच चुगली केली."

"दोनदा," बाळाची आई म्हणाली आणि लाळेरं तिच्या मांडीवर ठेवलं.

तो डाग पाहिल्यावर चिमणीचं अवसान गेलं. मनात काही न ठेवणारी म्हणून जिची ख्याती, तिने वर्षभर हे एकटीने मनात ठेवलं होतं. कुणाच्या तरी लग्नात ती माळ घालून गेली असताना पोटात दुखायला लागलं. दिवस गेल्याचं तेव्हा नवरा सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. तिथूनच दवाखान्यात नेलं. दागिने काढा म्हणाले. तिने काढले. कुणाच्या हातात दिले ते तिला आजतागायत आठवत नव्हतं. ती घरी आली तेव्हा पोटात बाळ नव्हतं आणि पिशवीत माळ नव्हती. बाळाचं कुणाला सांगायचं नाही असं दोघांनी ठरवलं. माळेचं तिने नवऱ्यालाही सांगितलं नाही. फोटो दाखवून तशीच खोटी करून आणली. आज ती मोती ओवणाऱ्याच्या हाती गेली असती तर त्याने लगेच ओळखली असती.

"माळ हरवली म्हटलं की कधी, कुठे, असं विचारणार ना गं सगळे," ती म्हणाली. "मग त्या दिवसाचं सांगावं लागतं."

बाळाच्या आईला कालची दुपार आठवली. याच खांद्यावर बाळाला घेऊन चिमणी कितीतरी वेळ फिरत होती, आणि तिला वाटलं होतं, बरं झालं, आपल्याला जरा पडायला मिळालं. ती चिमणीला खेटून बसली. बाळाने चिमणीचं बोट धरलं आणि तोंडाकडे नेलं.

पण प्रश्न अजून संपले नव्हते.

"आणि काकू?"

"मी खिडकी उघडी ठेवली होती. कुणी बाहेरचा येऊन गेला असं वाटावं म्हणून. त्या मध्येच टॉवेल घेऊन येतील हे मला कुठे माहीत होतं?"

"माहीत झाल्यावर?"

चिमणीने मांडीवरच्या लाळेऱ्याची घडी घातली.

"त्या खरं बोलत होत्या हे त्या मजल्यावर एकट्या तुला माहीत होतं," बाळाची आई म्हणाली. तिचा आवाज मऊ होता, पण ठाम. "त्यांनी भांडी बांधायला घेतलीत, चिमणे. तुझं दुःख मोठं आहे. ते त्यांच्या डोक्यावर ठेवून तुला जाता येणार नाही. मी देणार नाही."

"तू सांगशील?"

"तू सांगशील. तू नाही सांगितलंस, तर मग मी."

खालून सासूबाईंचा आवाज आला. अगं कुठे आहेस, म्हणून त्या विचारत होत्या. चिमणीने आपलं बोट बाळाच्या मुठीतून सोडवलं आणि ती उठली. दाराकडे की खिडकीकडे, क्षणभर कळेना.

६

दिवाणखान्यात सगळे जमले होते. सासूबाई खुर्चीत, चिमणीचा नवरा त्यांच्यामागे अपराध्यासारखा, वकीलबाई, मॅनेजर. दाराशी काकू, बांधलेलं बोचकं पायाशी.

चिमणी जिना उतरू लागली. वरच्या वळणावर थांबली, पानं बाजूला केली आणि माळ सोडवू लागली. ती दोनदा गुंतली. कुणी मदतीला गेलं नाही. तसं काय चाललंय हेच कुणाला कळत नव्हतं.

खाली येऊन तिने ती सासूबाईंच्या मांडीवर ठेवली. ही खोटी आहे, म्हणाली. कुणी चोरली नाही, मीच लपवली. काकू म्हणाल्या ते सगळं खरं होतं, मी खोलीत नव्हतेच. मग सासूबाईंच्या पायाशी बसून, फक्त त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, तिने उरलेलं सांगितलं. तिच्या नवऱ्याने डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि तो खिडकीशी जाऊन उभा राहिला.

सासूबाईंनी माळ हातातसुद्धा घेतली नाही. ती मांडीवरून घसरून खाली पडली, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी चिमणीचा चेहरा दोन्ही हातांत धरला होता.

"मोती गेले ते गेले," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मला का नाही बोलावलंस? तुझ्याजवळ बसायला तरी आले असते."

चिमणी वर्षभरानंतर मोकळेपणी रडली.

मॅनेजरने घसा खाकरला, काकूंजवळ जाऊन हळूच काहीतरी पुटपुटला आणि किल्ल्यांचा जुडगा पुढे केला. काकूंनी तो घेतला नाही.

"काल सगळ्यांसमोर मागून घेतला होता, साहेब," त्या म्हणाल्या. "आज देताना आवाज का बसला?"

मग त्याला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणावं लागलं की माझी चूक झाली, काकूंनी काही घेतलं नव्हतं. वकीलबाईने त्याला ते आणखी एकदा, जरा स्पष्ट, म्हणायला लावलं. त्यानंतरच काकूंनी जुडगा कमरेला खोचला.

चिमणी त्यांच्यापुढे हात जोडून उभी राहिली. काकूंनी तिच्या रडून लाल झालेल्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"मी ऐकलं नाही तुम्ही काय सांगितलं ते," त्या म्हणाल्या. "पण बघून कळतंय. मला लागलंय, बाई, आणि ते काही आज जाणार नाही. जाईल हळूहळू. तुम्ही जेवून घ्या आधी."

आणि बोचकं उचलून त्या मागच्या खोलीकडे भांडी पुन्हा लावायला गेल्या.

जेवणानंतर बाळाच्या आईने बाळाला थोपटून थोपटून पाळण्यात ठेवलं. तीही आडवी झाली. पापण्या जड होत होत्या. सुट्टीची शेवटची दुपार, सगळीकडे निवांत, आणि बाळाचा श्वास एका लयीत लागलेला.

धाड्. धाड्. धाड्.

बाळ दचकलं आणि रडायला लागलं. बाबा वैतागून उठून बसले. कोण आहे ते, बघतो मी, म्हणाले.

तिने त्यांचा हात धरून खाली बसवलं. बाळाला पोटाशी घेतलं आणि भिंतीला कान लावला. पलीकडे टब भरत होता, भरपूर, सावकाश.

"वाजू दे," ती म्हणाली. "आज ती खरंच अंघोळ करतेय."